विकलेले कर्ज, हरवलेला कागद

प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एक निवृत्त माध्यमिक शिक्षक तालुक्याच्या गावी राहतात. सोळा-सतरा वर्षांपूर्वी, नोकरीत असताना, त्यांनी एका बँकेचे क्रेडिट कार्ड घेतले होते. पत्नीच्या आजारपणात त्या कार्डावर बराच खर्च झाला, हप्ते चुकले, व्याजावर व्याज चढत गेले. अखेर बँकेच्या माणसांशी बोलणी होऊन एक ठोक रक्कम ठरली आणि भविष्यनिर्वाह निधीतून उचल करून गुरुजींनी ती भरली. विषय संपला, असे ते समजून चालले होते. गेल्या वर्षी त्यांना एका कंपनीचे पत्र आले. कंपनीचे नाव त्यांनी कधी ऐकलेले नव्हते. ‘आपले कर्ज आमच्याकडे वर्ग झाले असून पुढील रक्कम सात दिवसांत भरावी’ एवढाच मजकूर आणि खाली एक आकडा. तो मूळ उचलीच्या जवळजवळ पाचपट होता. सोबत ना कराराची प्रत, ना हिशेबाचा उतारा. चार दिवसांनी दूरध्वनी सुरू झाले. ‘तुमचा माझा व्यवहार झाला कधी?’ असे गुरुजींनी विचारले, तेव्हा पलीकडच्या तरुणाने अगदी नम्रपणे सांगितले, ‘सर, सिस्टीममध्ये दिसते आहे.’

या एका वाक्यात आजच्या कर्जवसुलीचे सारे स्वरूप सामावलेले आहे. पूर्वी सावकार म्हणे, चोपडीत आहे. आता कंपनी म्हणते, सिस्टीममध्ये आहे. चोपडी निदान सावकाराच्या गादीवर उघडी पडलेली दिसत असे.

कर्ज विकले जाते, हीच गोष्ट अनेक वाचकांना नवी वाटेल. ज्या कर्जाची वसुली होत नाही ते बँकेच्या ताळेबंदावर ओझे होऊन बसते. त्यासाठी नफ्यातून तरतूद करावी लागते, वसुलीची माणसे पोसावी लागतात. म्हणून बँका अशा थकीत खात्यांचे गठ्ठे बांधून ते दुसऱ्या संस्थेला उतरत्या किमतीत देऊन टाकतात. २००२ च्या ‘सरफेसी’ कायद्याने यासाठी मालमत्ता पुनर्रचना कंपन्या नावाचा एक स्वतंत्र वर्गच निर्माण केला आणि त्यांतील पहिली कंपनी मुंबईतच स्थापन झाली. पुढे एका बँकेने दुसऱ्या बँकेला थकीत कर्ज विकणे कायद्याला धरून आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. गुजरात उच्च न्यायालयाचे मत त्याआधी उलटे पडले होते. आरंभी हा व्यापार बंद पडलेल्या गिरण्या-कारखान्यांच्या मोठ्या कर्जांचा होता. हळूहळू तो व्यक्तिगत कर्जे, कार्डांची येणी, इतकेच काय, विद्यार्थ्यांची शैक्षणिक कर्जे येथपर्यंत उतरला. एका सरकारी बँकेने शैक्षणिक कर्जे अशा कंपनीला विकल्याचा विषय २०१६ मध्ये तमिळनाडूत गाजला होता, हे कित्येकांना आठवत असेल.

विक्रीला आमचा तात्त्विक विरोध नाही. येणे ही एक मालमत्ता आहे आणि मालमत्ता विकता येते. प्रश्न आहे तो येण्याबरोबर कागद जातो की नाही, हा. कारखान्याच्या शंभर कोटींच्या कर्जाची फाईल वकील पानन्‌पान तपासतात. हजारो लहान खात्यांचा गठ्ठा विकताना तसे कोण करणार? ‘जसे आहे, जेथे आहे, तसे’ या अटीवर व्यवहार होतो. हातात पडते ती एक लांबलचक यादी : नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक, बाकी रक्कम. मूळ अर्ज कोणी सही केला, व्याजाचा दर मध्येच कधी बदलला, कोणती आकारणी वादग्रस्त होती, तडजोड होऊन पैसे भरले गेले की काय, हे त्या यादीत नसते. आणि जे यादीत नाही ते घडलेच नाही, असे खरेदीदार धरून चालतो.

वस्तुतः कायदा असे धरून चालत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात अशा येण्यांच्या विक्रीसंबंधी काही कलमे आहेत. कार्डाच्या बाकीसारखे विनातारण येणे त्यांत मोडते. कलम १३० सांगते की हस्तांतर लेखी दस्ताने झाले पाहिजे. कलम १३१ सांगते की ऋणकोला द्यावयाची सूचना लेखी असावी, तीवर विकणाऱ्याची किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीची सही असावी (विकणारा सही नाकारील तरच घेणाऱ्याची चालेल) आणि घेणाऱ्याचे नाव व पत्ता तीत असावा. सर्वांत महत्त्वाचे कलम १३२. हस्तांतराच्या वेळी मूळ धनकोविरुद्ध ऋणकोचे जे जे आक्षेप, जी जी वजावट उभी होती, त्या सर्वांसह खरेदीदाराला ते येणे घ्यावे लागते. विकणाऱ्यापाशी जेवढा हक्क होता त्याहून तिळभरही जास्त हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. गुरुजींनी बँकेचे पैसे चुकते केले असतील, तर बँकेपाशी विकायला काही उरलेच नव्हते. मग कंपनीने विकत घेतले ते काय?

परंतु येथेच अलीकडच्या कायद्याने एक फट ठेवली आहे. ‘सरफेसी’च्या सहाव्या कलमाप्रमाणे कर्ज पुनर्रचना कंपनीला दिल्याची सूचना बँक ऋणकोला, ‘योग्य वाटल्यास’, देऊ शकते. म्हणजे देणे बंधनकारक नाही. याची तुलना आपल्याच राज्यातील १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याशी करून पाहावी. त्या कायद्याप्रमाणे सावकाराला आपले येणे दुसऱ्याच्या नावे करावयाचे असेल, तर हस्तांतरापूर्वीच ऋणकोला लेखी सूचना देणे आणि नव्या धनकोचे नाव व पत्ता कळवणे भाग होते; शिवाय कायद्याच्या पालनासाठी लागणारी सर्व माहिती नव्या धनकोकडे सोपवावी लागे. गावच्या सावकारावर जे बंधन घालणे विधिमंडळाला आवश्यक वाटले, ते संगणक, वकील आणि टपालखाते दिमतीला असलेल्या बँकेवर घालणे संसदेला आवश्यक वाटू नये, याचे आश्चर्य वाटते.

महाराष्ट्राला तरी कागदाचे महत्त्व नव्याने सांगावयाची गरज पडू नये. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आसपासच्या गावांतील शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडे वह्या व कर्जरोखे मागितले. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत ते लोण पसरले. धान्याची लूट झाली हे खरे, तरीही जमावाचा मुख्य रोख होता तो रोखे आणि हुकूमनामे हाती घेऊन जाळण्यावर. अडाणी म्हणून हिणवल्या गेलेल्या त्या कुळांना आपली मान कशात अडकली आहे, हे नेमके कळले होते.

त्या उठावामागील एक कारण आजच्या विषयाशी फार जवळचे आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू असा की जुन्या व्याजाचा डोंगर साचू नये. घडले उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाला बोलावून नवा रोखा लिहून घेई. जुनी बाकी आणि तिचे व्याज मिळून नवे मुद्दल होई, त्यावर पुन्हा व्याज सुरू. कूळ अंगठा उठवी. कागदावर काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नसे आणि प्रतही मिळत नसे. म्हणून १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला तेव्हा त्याने मुख्यतः कागदालाच हात घातला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याने लिहून द्यावयाचा दस्त ग्रामनिबंधकासमोर व्हावा, भरलेल्या पैशाची लेखी पावती मिळावी, मागेल तेव्हा वर्षाचा हिशेब मिळावा, आणि खटला उभा राहिला तर न्यायाधीशाने केवळ रोख्यावरील आकडा न पाहता व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब तपासावा, अशी त्यातील तजवीज होती. त्या कायद्यात उणिवा होत्या आणि तो आता अस्तित्वातही नाही. तरी ज्याच्या बळावर पैसे मागता तो कागद दाखवा आणि मुळापासून हिशेब द्या, ही त्यातील भूमिका मात्र शहाणपणाची होती.

तीन वर्षांची ती मुदत आजही आपल्या पाठीशी आहे आणि तिच्याभोवतीची जुनी युक्तीही. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा येण्यासाठी दावा लावण्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची असते. ती उलटली म्हणजे कर्ज नाहीसे होते असे नव्हे. न्यायालयाकडून वसूल करण्याचा मार्ग बंद होतो, एवढेच. मात्र मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सही करून कर्जाची कबुली दिली, किंवा काही रक्कम भरून त्याची स्वहस्ते वा सहीनिशी नोंद केली, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. मुदत संपल्यावर नुसते पैसे भरल्याने ती जिवंत होत नाही. परंतु ‘मी हे कर्ज फेडीन’ असे सहीनिशी लिहून दिले, तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे तो नवा करारच ठरतो. म्हणूनच दूरध्वनीवरील तरुण फार गोड आवाजात म्हणतो, ‘काका, सगळे नका भरू, सध्या पाचशे रुपये टाका आणि एक छोटासा फॉर्म सही करून पाठवा, म्हणजे तुमचे नाव चांगल्या यादीत घेतो.’ तो छोटासा फॉर्म आणि १८६० नंतरच्या दशकातील नवा रोखा यांत आम्हांला तरी फारसा फरक दिसत नाही. फरक इतकाच की आज ज्याची सही घेतली जाते त्याला वाचता येते आणि तरीही तो वाचत नाही.

‘सिस्टीममध्ये दिसते’ या उत्तराचीही कायद्याने वाट लावून ठेवलेली आहे. व्यापाराच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या वहीतील नोंद पुराव्यात घेता येते. पण केवळ तेवढ्यावरून कोणावरही देण्याची जबाबदारी टाकता येत नाही, असे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३४ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे, आणि संगणकावरील वह्याही त्यात येतात. बँकेची स्वतःची खातेवही बँकर्स बुक्स कायद्याखाली प्रमाणित होऊन आली तर तिला वजन असते. तिसऱ्याच कंपनीने तयार केलेल्या यादीची गोष्ट वेगळी.

मग एखादा वाचक म्हणेल, ही तर कर्ज बुडवणाऱ्यांना शिकवण झाली! हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. बँकेतील पैसा ठेवीदारांचा, म्हणजे बव्हंशी तुमच्या-आमच्यासारख्यांचाच असतो. ऐपत असून पळवाटा शोधणारे ऋणको आपल्या परिचयातही असतात. या बाबतीत इंग्लंडचा अनुभव उद्बोधक आहे. तेथील १९७४ च्या ग्राहक पतकायद्याने ऋणकोला एक साधा हक्क दिला. त्याने एक पौंड भरून लेखी मागणी करावी. धनकोने, मग तो मूळ असो वा खरेदीदार, कामकाजाच्या बारा दिवसांत कराराची प्रत आणि हिशेब द्यावा. न दिल्यास, देईपर्यंत न्यायालयामार्फत वसुली करता येत नाही. हक्क चांगला होता. पण २००८ च्या सुमारास तेथे काही धंदेवाईक सल्लागारांनी त्याचा बाजार मांडला : कागद सापडत नाही ना, मग कर्ज माफ! आमची फी तेवढी भरा. हजारो लोक त्या आशेने गेले. २००९ च्या अखेरीस मँचेस्टर येथे केरी विरुद्ध एचएसबीसी या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की या मागणीला उत्तर म्हणून सही केलेल्या मूळ कागदाची छायाप्रत द्यावीच लागते असे नाही. इतर नोंदींवरून तयार केलेली खरी व अचूक प्रत चालते. त्याच सुमारास दुसऱ्या एका निकालाने ठरले की प्रत देईपर्यंत वसुली थांबते, पण पतमाहिती संस्थेकडे थकबाकी कळवणे थांबत नाही. कर्ज माफ करून देण्याच्या जाहिराती ओसरल्या. फी भरून बसलेल्यांचे मात्र दुहेरी नुकसान झाले.

म्हणजे कागद मागणे ही कर्जमुक्तीची गुरुकिल्ली नव्हे. खरोखर देणे असेल, ते आपण स्वतः मान्य करीत असू, तर हिशेब पाहून, झेपेल अशी तडजोड लेखी करून ते फेडावे, हाच सरळ मार्ग. जे मान्य नाही किंवा जे कळतच नाही, त्यासाठी कागद मागावा. ‘कोणी मागितले म्हणून दिले’ याला प्रामाणिकपणा म्हणत नाहीत. उद्या दुसरी एखादी कंपनी तीच यादी घेऊन आली तर पुन्हा देणार काय?

आपल्याकडे इंग्लंडसारखा नेमका, मुदतीसह आणि परिणामासह लिहिलेला हक्क नाही. करारपत्राची प्रत ऋणकोला द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलेले आहे. न दिल्यास वसुली थांबेल असे मात्र कोठे म्हटलेले नाही. वसुलीच्या रीतीबद्दल नियम आहेत. सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करू नयेत, नातेवाईक व परिचितांना त्रास देऊ नये, हे २०२२ मध्ये पुनर्रचना कंपन्यांसह सर्वांना सांगण्यात आले. गुंडांकरवी वसुली करणे हा बँकांचा मार्ग नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सुनावले होते. पण वसुली सभ्य भाषेत झाली म्हणून मागणी खरी ठरत नाही. आम्हांला वाटते, रिझर्व्ह बँकेने एवढे तरी करावे : वैयक्तिक कर्ज विकताना बँकेने ऋणकोला आपल्या सहीची सूचना पाठवलीच पाहिजे, सोबत खात्याचा उतारा आणि मूळ करार खरेदीदाराकडे सोपवल्याचा दाखला असावा, आणि ऋणकोने मागूनही ही कागदपत्रे न देणाऱ्या खरेदीदाराने पतमाहिती कंपनीकडे त्या नावापुढे थकबाकी लिहू नये.

ही शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. आज न्यायालयात न जाताच माणसाला कोंडीत पकडता येते ते या नोंदीमुळे. दावा मुदतबाह्य असो, पुरावा नसो, अहवालात ‘थकबाकी’ हा शब्द उमटला की घरकर्ज अडते, मुलाच्या शिक्षणाचे कर्ज अडते, जामीन राहता येत नाही. नोंदीविरुद्ध लेखी तक्रार करता येते, तीस दिवसांत दुरुस्ती न झाल्यास दर दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम २०२४ पासून लागूही झाला. अडचण अशी की पतमाहिती कंपनी तो प्रश्न खरेदीदाराकडे पाठवते आणि खरेदीदार ‘नोंद बरोबर आहे’ असे कळवून मोकळा होतो. कशावरून बरोबर? पुन्हा सिस्टीमवरून.

ज्यांना असे पत्र येईल त्यांनी घाबरून जाऊ नये आणि पत्र केराच्या टोपलीतही टाकू नये. दूरध्वनीवर काहीही कबूल न करता, हे देणे आपण मान्य केलेले नाही असे स्पष्ट लिहून, करार, सुरुवातीपासूनचा हिशेब, आपल्या खात्यापुरता हस्तांतराचा दस्त आणि मूळ बँकेची सूचना यांची मागणी स्पीड पोस्टाने करावी, पोच जपावी, तीच प्रत मूळ बँकेलाही पाठवावी. न्यायालयाची किंवा लवादाची नोटीस आली तर मात्र एक दिवसही न दवडता वकिलाकडे जावे. गैरहजेरीत झालेला निकाल पुसणे फार कठीण जाते. मुदत उलटली असली तरी तो मुद्दा हजर राहून मांडलेला बरा.

गुरुजींनी हे सारे केले. तडजोडीचे पत्र घर बदलताना हरवले होते. पण जुन्या पासबुकात धनाकर्षाची नोंद सापडली, तारीख आणि रकमेसह. तिची छायाप्रत त्यांनी कंपनीला आणि बँकेला पाठवली. बँकेने उत्तर दिले की इतक्या जुन्या खात्याचे दप्तर आता शाखेत उपलब्ध नाही, कंपनीशी संपर्क साधावा. कंपनीने दोन महिन्यांनी कळवले की आपले प्रकरण पडताळणीसाठी मूळ बँकेकडे पाठवले आहे. दूरध्वनी थांबले आहेत. अहवालातील नोंद आहे तेथेच आहे. पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेल्या भाच्याच्या कर्जाला ते जामीन राहणार होते. त्यांचे नाव बँकेने नाकारले. प्रवेशाचे पैसे भरण्याची तारीख जवळ आली तेव्हा मुलाच्या वडिलांनी गावच्या पतसंस्थेतून जास्त व्याजाने रक्कम उचलली. जामीन म्हणून शाळेतील एका शिपायाने सही केली. तीस वर्षांपूर्वी तो गुरुजींच्या वर्गात होता.